अकरा हार्प आणि एक साठीशांत

पुण्यात मंडळ स्थापन करायचे म्हणजे आधी अध्यक्ष ठरतो, मग लेटरहेड छापले जाते आणि सभासदांचे ‘पुढे बघू’ म्हणून ठेवून देतात. आमच्या ‘कोथरूड स्वरमंडळ वादक संघा’त सगळे याच रीतीने झाले होते. अध्यक्ष श्यामसुंदर बोकील, कारण ते आमच्या औदुंबर सोसायटीचे चेअरमन आहेत आणि त्यांना वगळून जिन्यात रांगोळीसुद्धा काढता येत नाही. उपाध्यक्ष सौ. कुसुम उकिडवे, म्हणजे माझी बायको. तिला ही गोष्ट लेटरहेड छापून आल्यावर कळली. आणि कार्यवाह, कोषाध्यक्ष, प्रसिद्धिप्रमुख व एकमेव वादक अनंत उकिडवे, म्हणजे अस्मादिक.

ज्यांना स्वरमंडळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गवई लोक मांडीवर एक चपटे, तिरपे खोके घेऊन त्यावरच्या पुष्कळशा तारांवरून बोटे फिरवतात ना, तेच ते. ते ऐकायला म्हणून आजवर कोणी तिकीट काढलेले नाही. गवयाला पुढचे आठवेपर्यंत जी शांतता पडते ती झाकण्यासाठी हे वाद्य आहे, असे कुसुमचे मत आहे. कुसुम स्वतः गाते, फार चांगली गाते. मी पाटबंधारे खात्यात धरणांचे नकाशे काढत जन्म घालवला आणि निवृत्त झाल्यावर, तिला साथ करता यावी एवढ्याच हेतूने, हे वाद्य शिकलो. पण तिने तबल्याला साथीदार घेतला, पेटीला घेतला, एकदा टाळ वाजवायलासुद्धा कोणाला तरी घेतले. मला कधी घेतले नाही. “तुमचं स्वरमंडळ लागेपर्यंत माझी भैरवी होते,” हे तिचे कारण. त्यामुळे मी रोज सकाळी गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड बसून एकटाच वाजवत असे. आयुष्यात एकदा तरी कोणाच्या तरी शेजारी बसून वाजवावे, एवढी एकच इच्छा उरली होती. त्यासाठीच हा संघ.

संघाचे नाव मी इंटरनेटवर टाकले होते. ते वाचून वेल्समधून ग्वेन नावाच्या बाईंचे पत्र आले. त्या आणि त्यांचे सहकारी, मिळून अकरा जण, तिकडचे लोकसंगीतातले लहान हार्प, म्हणजे उभ्या चौकटीत ताणलेल्या तारांची वाद्ये, वाजवतात. दरवर्षी ते एका परक्या देशात सहल काढतात आणि तिथल्या तारा छेडणाऱ्यांबरोबर गोलात बसून वाजवतात. बाईंनी स्पष्ट लिहिले होते की आम्ही कार्यक्रम करत नाही, आम्हाला श्रोते नकोत, मानधन नको, सत्कार नको. आमच्यातल्या प्रत्येकाशेजारी तुमच्यातला एक वाजवणारा बसला पाहिजे, एवढीच अट. तसे नसेल तर मोकळेपणाने कळवा, आम्ही पुणे गाळून पुढे जाऊ.

मी उलट टपाली कळवले : ‘अवश्य या. संघ सज्ज आहे.’

“कोण सज्ज आहे?” कुसुमने विचारले.

“संघ.”

“कुठाय संघ?”

“होईल.”

आमच्या घराण्यात सहसा कोणी काही ठरवत नाही. ठरवलेच तर मग माघार घेत नाही, कारण माघार घ्यायची तर तेही पुन्हा ठरवावे लागते. मी त्याच दुपारी, म्हणजे चार वाजल्यानंतर, सभासद शोधायला बाहेर पडलो.

कोथरूडमध्ये स्वरमंडळे चिकार आहेत, हे मला त्या मोहिमेत कळले. कोणाच्या आत्याने घेतलेले, कोणी मुलीला गाणे लावले तेव्हाचे, कोणाला बक्षीस मिळालेले. सगळी कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली. वाद्ये हवी तितकी मिळाली. वाजवणारा एकही मिळेना. शाळेत गाणे शिकवून निवृत्त झालेल्या प्रेमलाताई तर दचकल्याच. “वाजवायचं? चार लोकांत? नको हो! ऐकायला मात्र नक्की येईन, आणि काय काय चुकलं ते नंतर सांगेन.” सगळीकडे हेच उत्तर. आमच्या गावात गाणे कळणारी माणसे इतकी झाली आहेत की त्यांच्या धाकाने गाणारी-वाजवणारी तोंड उघडत नाहीत. ‘आम्ही नुसते कानसेन’ असे जो तो नम्रपणे म्हणतो, आणि त्या नम्रतेची भल्याभल्या तानसेनांना धास्ती असते.

वाद्ये उसनी देताना मात्र सूचना भरपूर. उन्हात ठेवू नका, ओला हात लावू नका, तारा पिळायची चावी हरवू नका. प्रेमलाताईंनी यात “आणि उगीच वाजवू नका” अशीही भर घातली. शिवाय प्रत्येक मालकाने बजावले, “मी समोरच बसेन. माझं लक्ष राहील.” वाद्यांना जामीन राहून मी घरी आलो.

आता जागा. सोसायटीचा हॉल होताच आणि चेअरमन आमचेच अध्यक्ष. मी निर्धास्तपणे श्यामसुंदररावांकडे गेलो.

“हॉल कशासाठी हवा?” त्यांनी चष्मा लावत विचारले.

“एकत्र बसून वाजवायला.”

“तसा प्रकार नियमावलीत नाही. मुंज, बारसं, डोहाळजेवण, साठीशांत आणि शोकसभा. यातलं काय करताय?”

“यातलं काहीच नाही.”

“मग हॉल नाही.”

“अहो, तुम्ही आपल्या संघाचे अध्यक्ष आहात!”

“आहे ना. म्हणून संघाचा अध्यक्ष या नात्याने मी हॉलची जोरदार मागणी करतो, आणि सोसायटीचा चेअरमन या नात्याने ती फेटाळतो. याहून जास्त एका माणसाने काय करावं, उकिडवे?”

मी नियमावलीचा शांतपणे विचार केला. मुंज माझी झालेली होती, डोहाळजेवणाचा प्रश्न नव्हता आणि शोकसभेला थोडा अवकाश आहे असे मला वाटत होते. राहिली साठीशांत. साठी उलटून मला काही वर्षे झाली होती; पण “राहून गेली असेल तर केव्हाही करता येते,” असा श्यामसुंदररावांनी निर्वाळा दिला. बारशाच्या बाबतीत ते इतके उदार झाले नसते.

मग त्यांनी एक पाचर मारलीच. परदेशी लोक, वाद्ये, म्हणजे पोलिसांची परवानगी हवी. मी चौकीवर गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतले.

“लाउडस्पीकर कितीचा?”

“लाउडस्पीकर नाहीये.”

“मग परवानगी कशाची?”

“लाउडस्पीकर नसण्याची.”

साहेबांनी माझ्यासाठी पाणी मागवले. “काका, लाउडस्पीकर नसेल तर परवानगी लागत नाही.”

“तेवढंच लिहून द्या. आमच्या चेअरमनना दाखवायचंय.”

“लागत नाही असं लिहून द्यायची पद्धत नाही. तुम्ही असं करा, एक छोटा लाउडस्पीकर लावा, मग देतो परवानगी.”

शेवटी लाउडस्पीकरची रीतसर परवानगी काढली आणि लाउडस्पीकर लावला नाही. श्यामसुंदररावांनी कागद दोनदा वाचला आणि ‘न लावलेला लाउडस्पीकर दहा वाजता बंद करावा’ असे बजावून फाइलला लावला.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना झळकली : ‘श्री. अनंत उकिडवे यांची साठीशांत. सोबत परदेशी वाद्यवृंद. अगत्य येणेचे करावे.’ झाले! जिन्यात, भाजीवाल्याकडे, बागेत, एकच विषय. “उकिडव्यांनी फॉरेनहून बँड बोलावलाय म्हणे. आमच्या वेळी सनईची तबकडी पुरायची.” कोणी गुरुजी सुचवले, कोणी केटरर. एकाने मला हळूच विचारले, “वय नक्की किती हो तुमचं? तब्येत बरी आहे ना?” मी सर्वांना सांगत सुटलो की साठीशांत नावापुरती आहे, खरे तर तुम्ही वाजवायला यायचे आहे. त्यावर सगळे समजुतीने हसत आणि “आहेर काय आवडेल?” असे विचारत. कुसुमने एका शब्दाने माझी समजूत घातली नाही की मला अडवले नाही. तिने फक्त पैठणी इस्त्रीला टाकली.

पाहुणे मुंबईहून बसने स्वारगेटला उतरायचे होते. ते उतरल्यावर मी रिक्षा ठरवायला गेलो. पहिल्याच रिक्षावाल्याने हार्पच्या उंच खोळींकडे पाहिले आणि म्हणाला, “कोथरूडला येणार नाही.” हा राग हार्पवर नव्हता, ते लोक एरवीही कोथरूडला येत नाहीत. अखेर जयसिंगरावांना फोन केला. आमची सोसायटी उभी आहे ते त्यांचे शेत. आता त्यांचा मांडवाचा धंदा आहे आणि एक टेम्पो. ते स्वतः टेम्पो घेऊन आले, ग्वेनबाईंनी एका हार्पची खोळ काढून दाखवली तसे त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “अण्णा, ह्यो पाळणा हाय व्हय?”

“वाद्य आहे, जयसिंगराव.”

“मग आडवं घाला की. हुबं ठिवलं तर वाऱ्यानं आपसूक वाजंल.”

ग्वेनबाई म्हणजे साठीच्या पुढची, पांढऱ्या आखूड केसांची, ठाम बाई. त्यांनी आणि त्यांच्या मंडळींनी मागे, हार्पच्या शेजारीच बसायचा हट्ट धरला. त्यांनी हार्प उभेच ठेवले आणि दांडेकर पुलावर खरोखरच तारा आपोआप घुमू लागल्या. जयसिंगरावांनी टेम्पोचा वेग कमी केला तो सोसायटीपर्यंत. मागून हॉर्न वाजत होते, शिव्या येत होत्या. “वाजवू द्या की, त्येंच्या लग्नात आपण वाजवू,” असे म्हणत जयसिंगराव तंद्रीत चालवत राहिले.

सोसायटीच्या दारात लिफ्टपाशी पाटी आहे : ‘फर्निचर जिन्याने न्यावे.’ श्यामसुंदररावांनी हार्पकडे बोट दाखवले. “पाय आहेत त्याला. पाय असतात ते फर्निचर.”

“पाय मलाही आहेत,” मी म्हणालो.

“तुम्हीही जिन्यानेच चढता की. डॉक्टरांनी सांगितलंय ना?”

अकरा हार्प जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेले. प्रत्येक मजल्यावर दारे उघडली, डोकी बाहेर आली, “कडेला लागू देऊ नका,” असा सल्ला मिळाला आणि दारे लागली. हात कोणी लावला नाही. हार्प कडेला लागू नये ही काळजी मात्र सर्वांना मनापासून होती.

हॉलमध्ये मी आदल्या रात्रीच सतरंज्या घालून ठेवल्या होत्या. गोल करून पाहुणे बसले, प्रत्येकाजवळ एक रिकामे आसन, आसनावर उसने आणलेले स्वरमंडळ, फक्त एकावर माझे. आणि या गोलासमोर श्यामसुंदररावांनी स्वतःच्या जबाबदारीवर मांडलेल्या खुर्च्या. त्या गच्च भरल्या. रेशमी साड्या, कडक झब्बे, हातात पुष्पगुच्छ. बायकांनी आधी मला पाटावर बसवून ओवाळले. ग्वेनबाईंना वाटले माझा वाढदिवस आहे. त्यांनी सर्वांसह वाढदिवसाची धून वाजवली. टाळ्या झाल्या. श्यामसुंदररावांनी माझ्या हाती नारळ दिला, माझ्याविषयी चार शब्द बोलून त्यांतले तीन पाण्याच्या टाकीच्या गळतीवर खर्च केले आणि जाहीर केले, “आता आपण शांतपणे वादनाचा आस्वाद घेऊ.”

मी उभा राहिलो. “मंडळी, आस्वाद नाही घ्यायचा. वाजवायचंय. ही आसनं तुमच्यासाठी आहेत. या, आपापली वाद्यं घ्या.”

कोणी हलले नाही.

“प्रेमलाताई?”

“चालू द्या तुमचं. आम्ही ऐकतोय.”

“श्यामसुंदरराव, वडिलांचं स्वरमंडळ आणलंयत. बसा की.”

“मी अध्यक्ष आहे,” ते म्हणाले.

मी एकेकाकडे पाहत गेलो. एकेकाने पायातल्या चपलेकडे, छताच्या पंख्याकडे, घड्याळाकडे नजर वळवली. ग्वेनबाईंनी माझ्याकडे पाहिले. “अनंत, तुमचे वाजवणारे कुठे आहेत?” बाईंच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे अधिक लागले. मी म्हणालो, “येताहेत.” त्या म्हणाल्या, “हे सगळे ऐकायला आलेत. फार प्रेमळ आहेत. पण आम्ही कार्यक्रम करत नाही, मी लिहिलं होतं.” आणि त्यांनी हळूच हार्पची खोळ उचलली. बाकीच्यांनीही उचलल्या. पुष्पगुच्छ, नारळ, कपाळावरचे कुंकू आणि समोर गुंडाळले जाणारे हार्प. उद्यापासून परत गॅलरीत, कपड्यांच्या आड. मला तिथे, सगळ्यांच्या देखत, रडू येईल असे वाटले.

पण ठरवले होते. नारळ खाली ठेवला आणि हाताशी जे पहिले आसन आले त्यावर बसलो. ते प्रेमलाताईंचे वाद्य. कोणी वाजवो न वाजवो, आपण वाजवायचे, म्हणून मी त्यावर बोटे फिरवली. दुपारी ते घरून आणताना कुठेतरी हिसका बसला असावा. धैवत चांगलाच उतरला होता.

पहिल्या रांगेतून आवाज आला, “थांबा! धैवत उतरलाय.”

“मला तर ठीक वाटतोय,” मी म्हणालो. खरेच वाटत होता.

“ठीक?” प्रेमलाताई उभ्या राहिल्या. “अहो, बाहेरच्या लोकांसमोर आपली शोभा करताय! उठा, द्या इकडे.” पदर खोचून त्या आसनावर बसल्या, चावीने तार पिळली, कान लावला, पुन्हा पिळली आणि खात्री करण्यासाठी सगळ्या तारांवरून बोटे फिरवली. शेजारच्या दाढीवाल्या हार्पवाल्याने खोळ खाली ठेवून तसेच उत्तर दिले. प्रेमलाताईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि जरा अधिक चांगले वाजवून दाखवले. त्यानेही वाजवले. त्या काही उठेनात.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. या गावात ‘या, वाजवा’ म्हणून कोणी येणार नाही. ‘चुकतंय’ म्हटले की मात्र कोणी बसून राहणार नाही.

मी दुसऱ्या आसनावर गेलो. आता मुद्दाम. एक तार सैल केली, दुसरी ताणली आणि निर्विकार चेहऱ्याने झंकार काढला. “अरे अरे अरे!” म्हणत मालक धावत आला. तिसऱ्या आसनावर तर मी तारांवर हात ठेवायचा अवकाश. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बेसूरपणाला इतकी मागणी होती, आणि मी ती पुरवताना हात आखडता घेतला नाही. श्यामसुंदररावांच्या वडिलांच्या वाद्यावर मी नखे लावली. “उकिडवे! नखं?” अध्यक्ष खुर्ची पालथी करून आले आणि बसले. एकेक आसन भरत चालले. ग्वेनबाईंनी खोळ कधी बाजूला सारली ते मला दिसलेच नाही. त्यांनी हार्पवरच्या खिट्ट्या खालीवर केल्या, प्रेमलाताईंच्या पांढरी पाचच्या पट्टीशी आपला सूर जुळवला आणि त्यांच्याकडची एक साधी, गोल फिरून परत येणारी धून सुरू केली.

“भूप!” प्रेमलाताई म्हणाल्या.

“देसकार,” श्यामसुंदरराव म्हणाले.

“देसकार सकाळचा. आत्ता दिवेलागण होत आलीये.”

“त्यांच्या गावी अजून दुपारसुद्धा सरली नसेल!”

“म्हणून काय देसकार होतो? गांधारावर थांबतायत त्या, ऐका!”

“धैवतावर थांबतायत!” आणि ते सिद्ध करण्यासाठी श्यामसुंदररावांनी धैवतावर जोर दिला, प्रेमलाताईंनी गांधारावर दिला, उरलेल्यांची दोन पक्षांत फाळणी झाली आणि जो तो दुसऱ्याला खोटा पाडण्यासाठी जीव तोडून वाजवू लागला. खालून अकरा हार्प शांतपणे ती धून धरून होते. ग्वेनबाईंना बहुधा इथली हीच रीत वाटली असावी. त्यांचे डोळे चमकत होते. दारात जयसिंगराव उभे होते, त्यांनी कधी मांडीवर ताल धरला होता कोण जाणे.

शेवटचे आसन उरले, त्यावर माझे स्वरमंडळ. मी बसलो. दोन्ही बाजूंना माणसे वाजवत होती, हेच तर मला हवे होते. पण माझ्या हाताला घाम सुटला होता आणि माझे वाद्य कोणी मुद्दाम न बिघडवताच बेसूर झाले होते. मी चावी लावली, ती घसरली. एक तार चढवली, ती जास्त चढली. धून फिरून पुन्हा आली आणि पुढे गेली. सगळ्यांचे चालू होते, आणि मी खाली मान घालून पिळतोय. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या गोलात मी एकटाच न वाजवणारा होतो.

पैठणीची सळसळ ऐकू आली. वाटले, कुसुम पाहुण्यांच्या चहाचे बघायला निघाली. ती माझ्यासमोर सतरंजीवर बसली, माझ्या मांडीवरून वाद्य उचलून तिने स्वतःच्या मांडीवर घेतले आणि गुणगुणत तार तार लावत गेली. त्या गोंगाटात तिने ते कसे केले, ठाऊक नाही. मग ते परत माझ्या मांडीवर ठेवले.

“छेडा,” ती म्हणाली.

मी छेडले. ते सुरात होते. कुसुमने डोळे मिटले, आणि त्या वेल्सच्या धुनेवर तिने भूपाचा आलाप सुरू केला. श्यामसुंदररावांनी देसकार सोडून दिला. हळूहळू सगळ्यांचीच वाद्ये खाली आली, हार्पसुद्धा अगदी मंद झाले. मला भीती वाटली की माझ्यामुळे तिचे काही बिघडेल, म्हणून मी हात उचलला.

तिने गाणे थांबवले नाही, डोळे उघडले नाहीत. फक्त उजवा हात माझ्याकडे करून बोटे हलवली. बैठकीत ती तबलजीला करते, पेटीवाल्याला करते, ती खूण. थांबू नका, चालू ठेवा.

मी चालू ठेवले.